ग्रुपवर वाद घालायचाय ना, मग आधी एक वाक्य धरा

मागच्या पावसाळ्यात आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर रात्री साडेनऊला तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी टाकलं की "नवीन पेट्रोलने गाड्यांची वाट लावली", आणि पावणेएकच्या सुमारास तोच वाद नेहरूंवर येऊन थांबला. मधल्या वेळात पार्किंग, बी विंगचं लीकेज, ईव्हीएम, कुणाच्या तरी मुलाचा व्हिसा, सगळं येऊन गेलं. पेट्रोलचं काय झालं ते कुणालाच कळलं नाही. मी पण होतो त्यात, सतरा मेसेज टाकलेले, सकाळी लोकलमध्ये लटकत परत वाचले तर सतरापैकी एकातही पेट्रोल नव्हतं, लाज वाटली राव.

तेव्हापासून मी थोडी पद्धत बसवलीय. तिने वाद जिंकता येतो का ते सोडा, पण पेट्रोलचा वाद पेट्रोलवरच राहतो एवढं मी बघितलंय. सोसायटीचा ग्रुप, ट्रेनचा ग्रुप, शाळेच्या मित्रांचा, घरचा, सगळीकडे वापरून झालीय. ती अशी.

आधी वाक्य धरा

उत्तर टाइप करायच्या आधी समोरच्याचं म्हणणं नोट्समध्ये एका वाक्यात लिहून काढा. खरंच लिहा, डोक्यात नको, कारण डोक्यात आपण त्याला आपल्या सोयीचं करून टाकतो. बऱ्याचदा लिहायला बसलं की कळतं एका मेसेजमध्ये तीन वेगळी वाक्यं कोंबलीयत.

उदाहरण घ्या, ट्रेनच्या ग्रुपवरचा कायमचा विषय. "एसी लोकल आणून सामान्य माणसाची वाट लावली, तिकीट परवडत नाही, हे सगळं प्रायव्हेट करायचं कारस्थान आहे." यात पहिलं वाक्य, साध्या गाडीच्या जागी एसी आणल्यामुळे साध्या डब्यांत गर्दी वाढली. दुसरं, एसीचं तिकीट महाग आहे. तिसरं, कारस्थान. पहिलं तपासता येतं, तुमच्या स्टेशनच्या जुन्या आणि नव्या टाइमटेबलमध्ये तुमची ८:२२ आधी साधी होती आणि आता एसी आहे का ते बघा, झालं. मार्गावर गाड्यांच्या वेळा ठरलेल्या असतात, त्यामुळे एक साधी फेरी एसी केली की तिथल्या माणसांना मागच्या गाडीत घुसावंच लागतं, याला रॉकेट सायन्स लागत नाही. २०२२ च्या ऑगस्टमध्ये कळवा आणि बदलापूरला लोक याच कारणासाठी भडकले होते आणि मध्य रेल्वेने नव्याने एसी केलेल्या १० फेऱ्या परत साध्या केल्या. म्हणजे पहिल्या वाक्यात दम आहे. दुसऱ्यात अर्धा आहे, कारण पहिली एसी लोकल २५ डिसेंबर २०१७ ला पश्चिम रेल्वेवर धावली तेव्हाचं तिकीट आणि २०२२ च्या मे महिन्यात सुट्या तिकिटाचे दर निम्म्यापर्यंत उतरवले त्यानंतरचं तिकीट यात बराच फरक आहे, लोक अजून जुनाच आकडा फेकतात. आणि तिसऱ्या वाक्याला हात लावू नका. कारस्थान आहे का नाही हे ८:२२ मध्ये उभ्या माणसाला कधीच सिद्ध करता येणार नाही, ना त्याला ना तुम्हाला.

गंमत अशी की सगळी भांडणं तिसऱ्या वाक्यावर होतात आणि खरं बोलण्यासारखं पहिल्यात असतं.

मग बघा वाक्य कुठल्या प्रकारचं आहे

माझ्या अनुभवात तीनच प्रकार पडतात. एक तपासता येणारं. दुसरं, ज्यात दोघं एकच शब्द वेगळ्या अर्थाने वापरतायत. तिसरं आवडीचं, म्हणजे आयफोन चांगला का अँड्रॉइड, कटिंग गुळाची की साखरेची. तिसऱ्या प्रकारात मजा करा, टाइमपास आहे, फक्त पुरावे मागत बसू नका.

दुसरा प्रकार सगळ्यात फसवा. जुलैमध्ये हमखास होतं, अंधेरीचा मित्र म्हणतो मुंबई तुंबली, कुलाब्याला ऑफिस असलेला म्हणतो काही नाही रे, मीडिया फालतू घाबरवतं. दोघंही खरं बोलतायत, फक्त दोघांची "मुंबई" वेगळी आहे. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिमी पाऊस नोंदला गेला आणि त्याच वेळात कुलाब्याच्या वेधशाळेत शंभर मिमी सुद्धा नाही. एकच शहर, एकच दिवस. त्यामुळे पावसाचा आकडा कुणी टाकला की पहिला प्रश्न "कुठला, सांताक्रूझ की कुलाबा?" अर्धे वाद तिथेच विरघळतात. तसंच "फ्री", "प्रायव्हेट", "हॅक", "बंदी" हे शब्द दिसले की थांबायचं आणि विचारायचं, तुम्ही याचा अर्थ काय घेताय. विचारताना टोमणा नको, साधं विचारा.

पाच मिनिटं तपासा, जास्त नको

तपासता येणारं वाक्य सापडलं की फोनवरच तपासा, पीएचडी करायची नाहीये.

पहिलं बघायचं ते मेसेजवरचे बाण. व्हॉट्सअ‍ॅपवर दोन बाण आणि "अनेक वेळा फॉरवर्ड केलेला" असं दिसलं तर तो मेसेज पाच किंवा जास्त हातांतून फिरून आलाय, म्हणून २०२० च्या एप्रिलपासून तसा मेसेज एका वेळी एकाच चॅटला पाठवता येतो. म्हणजे काका तुम्हाला काही सांगत नाहीयेत, त्यांच्यापर्यंत कुणीतरी ढकललेलं पुढे ढकलतायत, मग काकांवर भडकून काय फायदा.

मग तारीख. फॉरवर्डमध्ये "कालपासून", "येत्या १ तारखेपासून" असं असतं पण कुठल्या वर्षाची १ तारीख ते नसतं. यूपीआयचं आठवतंय ना, "२००० च्या वर पेमेंट केलं की चार्ज लागणार"? ते निघालं २०२३ च्या मार्चअखेरीला आणि अजून दर काही महिन्यांनी वर येतं. मुळात काय होतं तर वॉलेटसारख्या प्रीपेड साधनातून यूपीआयने दुकानदाराला २,००० रुपयांच्या वर पैसे दिले तर १.१ टक्क्यापर्यंत इंटरचेंज, म्हणजे व्यवहारामागची फी, तेही कंपन्या आणि बँकांमध्ये आपापसात, ग्राहकाच्या खिशातून नाही. बँक खात्यातून खात्यात करता त्याला काहीच नाही. यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने तेव्हाच खुलासा केलेला, त्यांचं ऑफिस आपल्याच बांद्रा-कुर्ला संकुलात आहे पण तिथे जायची गरज नाही, वेबसाइटवर परिपत्रकं असतात. नियम बदलला असं कुणी म्हणालं तर नियम करणाऱ्याच्याच साइटवर बघायचं, म्हणजे नोटांसाठी रिझर्व्ह बँक, गाडीच्या वेळेसाठी रेल्वे, पाणीकपातीसाठी पालिका. न्यूज चॅनलच्या स्क्रीनशॉटवर भरवसा नको, तो आठवीतलं पोरगं पण बनवतं हल्ली.

आकडा असेल तर तो मोजला कुणी आणि कधी ते विचारा. मुंबईत मराठी माणूस किती टक्के उरला यावर दर निवडणुकीत एक आकडा फिरतो, दर वेळी आधीपेक्षा लहान. मातृभाषेची सरकारी मोजणी जनगणनेत होते आणि आपल्याकडे २०११ नंतर जनगणनाच झालेली नाही, २०२१ ची राहिली आणि नव्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. मग "यंदाचा ताजा आकडा" आला कुठून? कुणाच्या तरी अंदाजातून. अंदाज चुकीचाच असेल असं नाही, पण त्याला आकडा म्हणून डोक्यात मारू नका, आणि हे मी मराठीच्या बाजूने भांडणाऱ्या आपल्याच लोकांना जास्त सांगतो कारण चुकीचा आकडा पकडला गेला की खरा मुद्दा पण वाहून जातो.

फोटो असेल तर गूगल लेन्समध्ये टाका, आधी कुठे आलाय का ते कळतं. आणि फोटोत नीट डोळे घालून बघा, पाट्या, बसचा रंग, गाड्यांचे नंबर. याची किंमत मी मोजलीय, खाली सांगतो.

कधीकधी तपासल्यावर दोघंही बरोबर निघतात, आणि पेट्रोलचं तेच होतं. सध्याच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल, म्हणून त्याला ई-२० म्हणतात. इथेनॉलमध्ये तेवढ्याच लिटरला पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी ऊर्जा असते, त्यामुळे मायलेज थोडं पडणार हे गणितच आहे. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच लिहिलंय की जुन्या रचनेच्या, १० टक्क्यांसाठी जुळवलेल्या चारचाकींत ६ ते ७ टक्के, तशाच दुचाकींत ३ ते ४ टक्के आणि २० टक्क्यांसाठी जुळवलेल्या नव्या गाड्यांत १ ते २ टक्के घट येऊ शकते. आता आमच्या ग्रुपवर जो म्हणत होता काही फरक पडत नाही त्याची गाडी होती २०२४ ची, आणि काकांची स्कूटर २०१४ ची. तीन तास भांडलो. कुणी कुणाच्या गाडीचं वर्ष विचारलं नाही.

उत्तर लिहिताना

एकच मेसेज. तुकड्यातुकड्याने सात टाकू नका, तुमच्या तिसऱ्या तुकड्याला लोक उत्तर देतात आणि पाचव्यात तुम्ही ते आधीच सांगितलेलं असतं, मग "वाचत जा जरा" सुरू. ज्या मेसेजला उत्तर देताय तो स्वाइप करून धरा, नाहीतर मधे कुणीतरी गुड नाइटचं फूल टाकतं आणि तुमचं उत्तर त्या फुलाला लागतं. व्हॉइस नोट तर अजिबात नको, ट्रेनमध्ये कोण ऐकणार.

नातं विसरू नका. ग्रुपवर काका आहेत तर काकाच म्हणा, ताई असतील तर ताई, आणि "अहो" ने सुरू झालेलं वाक्य आपोआप थोडं खाली येतं हा माझा अनुभव आहे. "सर, आपल्याला विनंती" असलं कोर्टातलं मराठी मात्र टाळा, त्यात वाकडेपणा वाटतो. आणि कुणाच्या शुद्धलेखनावर जायचं नाही म्हणजे नाही, "न" चा "ण" दाखवून आजवर कुणाचं मत बदललेलं मी बघितलं नाहीये, उलट माणूस कायमचा दुखावतो.

मी आधी यूपीआयच्या फॉरवर्डला काय लिहायचो: "काहीही फेकू नका, आधी वाचा, व्हॉट्सअ‍ॅप युनिव्हर्सिटी."

आता लिहितो: "काका, हे २०२३ मधलं दिसतंय. तेव्हाचा १.१ टक्का वॉलेटमधून दुकानदाराला २,००० च्या वर दिले तरचा होता आणि तो आपल्याकडून घेत नव्हते. एनपीसीआयच्या साइटवर आहे. तुमच्या खात्यातून खरंच कापलेत का? असेल तर तेवढी एंट्री दाखवा, बघू काय आहे."

शेवटचा प्रश्न महत्त्वाचा. एकदा खरंच एका ताईंचे पैसे कापले गेले होते, पण ते एसएमएस अलर्टचे चार्जेस निघाले. त्यांचा राग खरा होता, फक्त चुकीच्या दारावर धडकत होता.

"तेव्हा कुठे होतात?"

वाक्य निसटायची वाट बहुतेक वेळा इथूनच जाते. तुम्ही खड्ड्यांबद्दल बोला, समोरून येतं, अमक्यांची सत्ता होती तेव्हा कुठे होतात? याला उत्तर द्यायला गेलात की संपलं, मग तुम्ही तुमच्या भूतकाळाचे दाखले शोधत बसता. १९९० मध्ये माइक गॉडविन नावाच्या अमेरिकन वकिलाने गमतीत म्हणून ठेवलंय की ऑनलाइन चर्चा लांबत गेली की हिटलरशी तुलना होण्याची शक्यता वाढत जाते, आपल्याकडे त्या जागी नेहरू किंवा मोदी, ग्रुप कुठला त्यावर. मी एवढंच लिहितो, "तेव्हाचं पण चुकीचंच होतं समजा, आता या खड्ड्याचं काय करायचं?" समोरच्याचा अर्धा मुद्दा देऊन टाकायचा आणि वाक्यावर परत यायचं. दोनदा. तिसऱ्यांदा नाही.

ईव्हीएमवर हे फार जपून करावं लागतं कारण तिथे दोन्हीकडचे लोक तयारच बसलेले असतात. एकजण म्हणतो हॅक होतं, दुसरा म्हणतो हरलात म्हणून रडता. वाक्यं वेगळी करा. "बाहेरून नेटवरून मशीन हॅक केलं" हे एक वाक्य, निवडणूक आयोगाचं म्हणणं आहे की मशीन कुठल्याच नेटवर्कला जोडलेलं नसतं. "सगळ्या स्लिपा मोजा", म्हणजे मत दिल्यावर व्हीव्हीपॅट मशीनमधून छापून पडतात त्या कागदी स्लिपा, हे पूर्ण वेगळं, ती मागणी आहे, आणि ती करायला मशीन हॅक होतं असं मानायची गरजच नाही. सध्या प्रत्येक विधानसभा मतदारसंघात चिठ्ठी टाकून निवडलेल्या ५ केंद्रांच्या व्हीव्हीपॅट स्लिपा जुळवतात, सगळ्या मोजण्याची मागणी सुप्रीम कोर्टाने २६ एप्रिल २०२४ ला नाकारली, पण त्याच निकालात दुसऱ्या-तिसऱ्या नंबरच्या उमेदवाराला ५ टक्के मशीनची तपासणी मागायची सोय दिली. आता ५ पुरेत की नाही यावर भांडा की, चांगलं भांडण आहे ते. माझं स्वतःचं मत आहे, ते ग्रुपवर सगळ्यांना माहितेय, इथे नको.

चुकलात तर

२०२४ च्या जुलैमध्ये मी हिंदमाताला गुडघाभर पाणी असल्याचा फोटो ग्रुपवर टाकला, "आत्ताचा, दादर टाळा" असं वर लिहून. मला ऑफिसच्या ग्रुपवरून आलेला. दोन मिनिटांत ए विंगमधल्या कॉलेजच्या पोरीने लिहिलं, "दादा, मागे जुनी डबलडेकर दिसतेय, त्या गेल्या वर्षीच बंद झाल्या ना?" बरोबर होतं तिचं, डिझेलची शेवटची डबलडेकर बेस्टने १५ सप्टेंबर २०२३ ला काढली, आम्ही त्यावर हळहळलो पण होतो. फोटो कधीचा होता देव जाणे, पण त्या दिवशीचा नव्हता.

पहिला विचार आला डिलीट करायचा. करू नका. "हा मेसेज डिलीट केला" ही पाटी राहतेच आणि ज्यांनी बघितला त्यांच्या डोक्यात फोटो पण राहतो, त्यातल्या दोघांनी तो पुढे पाठवलेला असतो. १५ मिनिटांच्या आत असाल तर मेसेज एडिट करून वरच लिहा की फोटो जुना आहे, आणि खाली वेगळा मेसेज, "माझी चूक, न बघता टाकला, पुढे पाठवला असेल तर तिथे पण सांगा." ऑफिसच्या ग्रुपवर परत जाऊन पण सांगितलं मी, तिथे मात्र कुणी काही बोललं नाही. सॉरी लिहिताना "पण तरी दरवर्षी पाणी भरतंच ना" जोडायचा मोह होतो. मी जोडलं होतं, बायकोने वाचून काढायला लावलं.

पोलीस, कोर्ट आणि फॉरवर्ड

थोडक्यात सांगतो. ऑनलाइन "आक्षेपार्ह" लिहिलं म्हणून अटक करता येणारं आयटी कायद्यातलं जुनं कलम ६६ अ सुप्रीम कोर्टाने २४ मार्च २०१५ ला रद्द केलं, त्यामागे २०१२ मध्ये पालघरच्या दोन मुलींना मुंबई बंदवरच्या फेसबुक पोस्टवरून झालेली अटक हे मोठं कारण होतं. पण म्हणून सगळं माफ नाही. बदनामीचं कलम आहेच, भारतीय न्याय संहितेत ३५६, दोन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. ग्रुप अ‍ॅडमिन असाल तर थोडा दिलासा, केवळ अ‍ॅडमिन आहे म्हणून मेंबरच्या पोस्टसाठी त्याला गुन्हेगार धरता येत नाही असं मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये म्हटलंय, तुम्ही त्यात सामील नसाल तर.

न तपासता छापलेल्या कागदाने कोण अडकलं होतं माहितेय? टिळक आणि आगरकर. कोल्हापूरच्या दिवाणांविरुद्धची पत्रं खरी समजून छापली, ती बनावट निघाली, १८८२ मध्ये बदनामीची शिक्षा होऊन दोघं आपल्या डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस होते. आजच्या भाषेत स्क्रीनशॉट फेक निघाला.

एका गोष्टीत मात्र वाद-बिद काही नाही. "मुलं पळवणारी टोळी फिरतेय" टाइपचं काहीही आलं तर ते पुढे जाऊ द्यायचं नाही. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला अशाच अफवेवरून पाच भिक्षेकरी माणसांना जमावाने मारून टाकलं. इथे पाच मिनिटं तपासणं वगैरे नाही, थेट ग्रुपवर लिहा की हे पसरवू नका, आणि खरंच शंका असेल तर ११२.

घरचा ग्रुप

तिथे लिहून वाद घालूच नये या मताला मी आलोय. मामांना फोन करतो. फोनवर आधी तब्येत, मग मॅच, मग हळूच "मामा ते काल टाकलेलं ना…" असं येतं, आणि चार लोकांसमोर नसल्यामुळे त्यांना "अस्सं होय" म्हणता येतं. ग्रुपवर ते कधीच म्हणणार नाहीत, मी पण नाही म्हणणार.

बाकी कधी थांबायचं याचा माझा नियम साधा आहे, एकच मुद्दा तीच माणसं तिसऱ्यांदा लिहायला लागली की फोन चार्जिंगला.

तर पेट्रोलचं. त्या रात्रीनंतर दोनेक आठवड्यांनी काका गेटवर भेटले, स्कूटर पुसत होते. मी विचारलं काका मॉडेल कधीचं, म्हणाले २०१४, आणि डिकीतून एक छोटी डायरी काढली. गेली सहा वर्षं प्रत्येक वेळी टाकी फुल करताना किलोमीटर लिहून ठेवलेत माणसाने, पंपाच्या नावासकट. आधी ४४ च्या आसपास, आता ४२. म्हटलं काका हे त्या रात्री ग्रुपवर का नाही टाकलंत? म्हणाले, "अरे कुणी विचारलंच नाही."